न शिकवलेली जोडी

तनुजा : बाबा, माझा शाळा सोडल्याचा दाखला काढून आणलात, ते मला का नाही सांगितलं? वर्गातल्या सईनं पैज लावलीय, हे विचारायची माझी हिंमत होणार नाही म्हणून. घ्या, विचारलं.

आई : दाखला तुला कुणी दाखवला?

तनुजा : श्रीरंगनं.

बाबा : त्याला अजून धड बोलता येत नाय, अन् दाखला दाखवतोय व्हय?

(सहा वर्षांचा श्रीरंग बहिणीच्या मांडीवर झोपलाय. ती आवाज चढवत नाही.)

तनुजा : ऐका तर खरं. दोन महिने मी त्याच्यापुढं तीन फोटो मांडतेय, तुमचा, आईचा, माझा. मी 'तनुजा' म्हटलं की त्यानं माझाच उचलायचा. चुकला तर मी गप्प, बरोबर आला की चुरमुरे. मग तसंच नावांच्या चिठ्ठ्यांचं. पण फोटो आणि चिठ्ठी मी कधीच जोडून दाखवली नाही. त्याच्या शाळेतल्या स्वरदा मॅडम म्हणाल्या होत्या, थांब, एक दिवस तो आपणहून जोडेल.

आई : मग?

तनुजा : काल जोडलं की! गादीखालचा कागद ओढला आणि माझा फोटो बरोबर माझ्या नावावर ठेवला. कुणी न शिकवता, आई. मी घरभर नाचले. मग कागद वाचला.

आई : नळाला आठवड्यातून एकदा पाणी, टँकरचा नेम नाय. मी हंडे घेऊन रांगेत, हे कंपनीत. याची शाळा दोनच तास, बाकी दिवस याच्यापाशी कोण बसणार?

बाबा : मॅडमच म्हणाल्या, हा ताईकडं लई लवकर शिकतो. तू दहावी घरून दे. सतरा नंबरचा फॉर्म भरू.

तनुजा : म्हणजे मी वाईट शिकवलं असतं, तर शाळेत राहिले असते?

बाबा : तसं नाय गं बाई.

तनुजा : विचारलं असतंत तर भांडले असते, रडले असते, कदाचित हो पण म्हटलं असतं. आई, परवा तू माझ्या दहावीच्या वह्यांना कव्हरं घालत बसलीस. तेव्हा कागद गादीखालीच होता ना?

आई : होता.

तनुजा : उद्या तो दाखला घेऊन मी शाळेत जाणार आहे. मला परत घ्या म्हणणार. श्रीरंगला संध्याकाळी मीच शिकवेन, त्यात खाडा नाही. दिवसा कोण बसायचं ते ठरवू. फक्त ठरवताना मला बोलवा.