नाव घेणं

(धुळ्यातल्या एका कॉलेजात प्राध्यापकपदाच्या मुलाखती चालू आहेत. बाहेर निंबाच्या सावलीत आई डबा घेऊन बसलीय. लेक आत्ताच बाहेर आलीय.)

लेक – नको म्हटलं ना डबा!

आई – भरीत हाये, थंडं व्हईन. काय विचारलं त्याईनं, ते तं सांग.

लेक – विचारलं, मॅडम, डी. आर. चौधरींचा पेपर वाचलाय का तुम्ही?

आई – कोन चौधरी व?

लेक – मी! दीपमाला रतिलाल चौधरी. तुझी पोरगी!

आई – अव माय!

लेक – हरण्या रोग केळीच्या कंदातच दडून बसलेला असतो. पान पिवळं पडायच्या आधी तो कसा ओळखायचा, ते मी शोधलं. आपल्याच मळ्यातले कंद उकरून. लग्नाआधी. त्या एका पेपरला चारशेवर सायटेशन आहेत.

आई – ते काय असतं?

लेक – कुणी आपलं काम वापरलं, की त्यानं त्याच्या लेखात आपलं नाव घ्यायचं. जितके घेतील तितकी आपली किंमत.

आई – म्हंजे नाव घेनं. आपल्यात बाई नवऱ्याचं घेते, तुमच्यात लोकं बाईचं घेता. चांगलं हाये की.

लेक – कोणत्या बाईचं, ते बघ ना! लग्न होऊन झोप्यांच्या घरात गेले आणि कामिनी हेमराज झोपे झाले. कॉम्प्युटरला ह्या दोन बाया. चौधरीबाईला चारशे, झोपेबाईला वीस-बावीस. अमळनेरला तासिका तत्त्वावर शिकवत, लेकरं सांभाळत जे जमलं ते.

आई – मंग नाव बदललं असं सांगायचं ना त्याईले.

लेक – राजपत्राची नक्कल जोडली होती अर्जाला. कोण उघडतंय! माणूस नाही बघत ते, आकडा बघतात. साहेब म्हणे, मॅडम, प्रत्येक लेखात तुम्ही चौधरींचाच हवाला देता. जरा त्यांच्या सावलीतून बाहेर या. स्वतःचं काही करा.

आई – मुडदा मेला! तुले असं म्हने?

लेक – सगळे हसले. आणि मी काय म्हणाले माहितीय? ‘हो सर. वाचलाय. फार चांगला पेपर आहे.’

आई – आन् ती मीच हाये, हे नाई सांगतलं?

लेक – निघालंच नाही तोंडातून. इतकी वर्षं कामिनी, कामिनी ऐकून मलाच खरं वाटायला लागलंय... तू का गप्प बसलीस तेव्हा? लग्नात ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. शेजारीच होतीस तू!

आई – मले वाटलं, जवायाचं अक्षर किती सुरेख.

लेक – अक्षर!

आई – रागाव. रागावच तू. हात फिरवला असता तं पुसलं असतं, तांदूयच व्हते. पन मले वाटलं, बाईचं नाव तं बदलतंच. माह्यं नाई का बदललं?

लेक – तुझं? म्हणजे तू कुंदा नाहीस?

आई – कुंदा तुह्या आजीनं ठेवलं, माह्या सासूनं.

लेक – मग आधीचं काय?

आई – जाऊ दे व.

लेक – आई. काय होतं?

आई – वना.

लेक – ...आणि मला माहीतच नाही! मामा तर अक्काच म्हणतो तुला.

आई – मायच हाक मारे त्या नावानं. ती गेली, मंग कोन मारीन?

लेक – ही पिशवी धर.

आई – कुठी चालली?

लेक – आत. ती चौधरी मीच, म्हणून सांगते. नका देऊ म्हणावं नोकरी, पण ऐका.

आई – आत दुसऱ्याची मुलाखत चालू हाये ना?

लेक – असू दे. त्याच्यासमोर सांगते.

आई – जाय मंग. पन थांब, आधी एकदा घे.

लेक – काय, भरीत?

आई – नाव. माह्यं.