एकविसाव्या मजल्यावरचा घास

सिंगापूरमध्ये, बुकित तिमाहच्या बसस्टॉपवर माझ्यामागे एक मराठी जोडपं कॅमेऱ्यात डोकं घालून उभं होतं.

"वल्लरी, हा बघ, आत्ताच पुलावरून काढला. आपला काँडो कसा अवकाशयानासारखा दिसतोय!"

"आणि आपला फ्लॅट?"

"एकविसावा मजला... थांब, मोठं करतो. ही आपली बाल्कनी, ही आई."

"वरुण, आईंनी कठड्यावर काय ठेवलंय?"

"कुंडी असेल."

"कुंडीला पिवळं टोपडं? अरे, ती आपली गार्गी आहे!"

"अरे देवा. काऊचिऊ दाखवत भरवतेय तिला. नाशिकला अंगणातल्या कट्ट्यावर बसवून मला भरवायची, तसंच."

"कट्टा काय, वरुण! खाली एकवीस मजले आहेत! फोन लाव आधी!"

"ओरडू नकोस. तू ओरडलीस तर आई दचकेल. मी बोलतो, हळू."

त्यानं फोन स्पीकरवर लावला. बऱ्याच वेळानं उचलला गेला.

"हॅलो, आई? काही नाही गं, सहजच. गार्गी जेवली?"

"जेवतेय की, अगदी शहाण्यासारखी. घासाचा हात खरकटा ना, म्हणून तिला धरलेल्या हातानंच फोन घेतला बघ. बोल पटकन."