बसा की, मास्तर

...आणि वर मलाच विचारतात, "मास्तर, तुम्ही बसत का नाही?" आता काय सांगावं लोकांना? तुम्हाला सांगतो, त्या बुधवारी मी चिंचवडच्या शाळेत चौथीला भूगोल शिकवत होतो, उभ्यानं, कारण दिवाळीपासून मी धड बसलोच नव्हतो. खुर्ची रिकामी आणि मी तिच्या शेजारी, जसा काही तिचा पट्टेवाला. हेडमास्तर खूश. "बघा, मारुतराव तासभर टेकत नाहीत, याला म्हणतात निष्ठा." कसली निष्ठा... दुखणं होतं, आणि तेही अशा जागी, की त्या जागेला आपल्याकडे दोनच शब्द, एक शिवीतला आणि एक पोथीतला. पहिला मास्तरला उच्चारता येत नाही, दुसरा कुणाला कळत नाही.

सकाळी परसाकडे जाऊन आलं, की आत काचेचा तुकडा मोडून राहिल्यासारखं वाटायचं. मग दुपारपर्यंत नुसती आग, अधूनमधून रक्त. म्हणून मी जाणं टाळायचो, आणि जावं लागू नये म्हणून जेवणं टाळायचो. शेजाऱ्यांनी परस्पर ठरवलं, मूळव्याध. एकानं सुरण चारला, एकानं बोटात तांब्याची अंगठी घातली. रोग कुठं, अंगठी कुठं... आणि सगळं सांगून झालं की पुन्हा, "बसा की, मास्तर, उभे का?"

तर भूगोल चालू असताना दारात दिघीचा भैरू. माझ्या अक्काच्या घरचा गडी. "मास्तर, चला. अंबुबाई गेल्या." बस्स, एवढंच. आई गेल्यावर जिनं मला वाढवलं ती अक्का, आणि एवढंच. ताप होता म्हणे. इकडं पिंपरीला औषधाच्या कारखान्याच्या भिंती उभ्या राहत होत्या, लोक रविवारी बघायला जात होते, आणि तिकडं दिघीत तिला वेळेवर एक सुई मिळाली नाही.

भैरू पुढं आळंदीला निरोप द्यायला गेला. मी सायकल काढली आणि मग आठवलं, सायकलला सीट असते. परत ठेवून द्यावी हे सुचलं नाही. बहीण गेलेल्या माणसाला सगळंच सुचतं असं नाही. निघालो हातात धरून. भोसरीच्या अलीकडे चांदभाईचं सायकलचं दुकान. "पंचर है क्या, मास्तर? बैठो, अभी निकालता हूँ." म्हटलं, नको, बहीण गेलीय. तर तो बिचारा कळवळला, स्टूल पुसलं, "फिर तो बैठो, पानी पियो." काय करता? उभ्यानंच पाणी प्यायलो आणि चालू लागलो. मागून म्हणाला असेल, मास्तर दुःखानं खुळावला.

अक्काला पोचवून आलो. संध्याकाळी शेजारणींनी पिठलं-भाकरी आणली. कडू घास. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे, माहेरच्या माणसानं जावयाशेजारी बसायचं, त्याला घास द्यायचा, आपण घ्यायचा. दाजी भिंतीला टेकून बसले होते, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. त्यांची आई, सोजराबाई, घोंगडी झटकून म्हणाली, "बसा की, मास्तर. तुमी घेतल्याबिगर चिमाजी घ्यायचा न्हाई."

मी बसायला वाकलो, तर अर्ध्यातच अशी कळ आली, की डोळ्यांसमोर अंधारी. सरळ झालो. म्हटलं, "मी उभाच बरा." ताटाकडं बघितलं, पिठल्यात मिरच्या, आणि उद्याची सकाळ आठवली. म्हटलं, "आणि मला घास नको."

तुम्ही गावची माणसं, तुम्हाला सांगायला नको. लेकीच्या मरणाला माहेरचा माणूस आला आणि अन्नाला शिवला नाही, बसलासुद्धा नाही, याचा अर्थ एकच. तो म्हणतोय, तुम्ही मारलीत. माझ्या मनात नव्हतं हो... दाजींनी मान वर केली नाही. ताट हातानं बाजूला सारलं. सोजराबाई कुणाला तरी म्हणाली, "पुन्याला न्हेली न्हाई, त्याचा राग हाय मास्तरांना." आता भरल्या घरात, बायामाणसांत, बहिणीची राख निवली नसताना मी काय सांगू? कुठलं दुखणं सांगू? अहो, कुणीतरी हसलं असतं, आणि अक्काच्या मयताला लोक हसले, एवढंच गावानं ध्यानात ठेवलं असतं.

पुढं कुणीतरी मला पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीत नेलं, सिंधी डॉक्टरकडं. त्यानं तपासलं आणि हात धुता धुता म्हणाला, "कौन बोला मूळव्याध? ये चीर है, मास्टर. थंडीत टाच फाटते ना, वैसी. दर्द के डर से तुम रोकता है, रोकने से वो सूखता है, सूखा हुआ फिर चीरता है. तुम दर्द को खुद पालता है." आणि औषध काय? रात्री इसबगोल, पालेभाजी, भरपूर पाणी, मिरची बंद, जोर करायचा नाही, बोलावणं आलं की थांबायचं नाही, लावायला मलम. "और गरम पानी. घमेला भरो, रोज उसमें बैठो." बैठो! सगळ्या जगानं सांगितलं ते या एकानं फी घेऊन सांगितलं. आणि बरा झालो, तुम्हाला सांगतो. एवढंसं दुखणं, कोमट पाण्यानं गेलं.

होळीनंतर दिघीला गेलो. सायकलवर, बसून. दाजी दारातच होते, निम्मे झालेले. मी म्हटलं, "दाजी, त्या दिवशी मी..." तर त्यांनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या, मास्तर. तुमचंच खरं हाय. न्ह्यायला पायजे व्हती. बैल गव्हाच्या पेरणीत गुतलं व्हतं, म्हनलं उद्या न्हेऊ. तुमी एकट्यानं तोंडावर सांगितलं, बाकी समदे गोड बोलत्यात." आणि लहान पोरासारखे रडायला लागले. सोजराबाई चहा घेऊन आली, शेजारचे दोघे टेकले, मास्तर आले म्हणून.

मी घोंगडीवर बसलो होतो. व्यवस्थित, मांडी घालून. तोंड उघडलं. तो शिवीतला शब्द आठवला, तो पोथीतला आठवला. चहा प्यायलो.

त्याला आता वर्ष होईल. मी भाजी खातो, पाणी पितो, खुर्चीत बसून भूगोल शिकवतो. हेडमास्तर म्हणतात, मारुतराव पहिल्यासारखे राहिले नाहीत. दाजी गावात सांगतात, सगळ्या सोयऱ्यांत खरं बोलणारा एक मास्तरच. त्यांना सांगायचं राहिलंय.