मीठ सोडलेला माणूस

(लातूरमधला एक लहान दवाखाना. दुपार. पलीकडच्या खाटेवर नागप्पा सलाईन लावून बेशुद्ध पडलेला.)

गुरम्मा : आधी हिला बाहेर बसवा, मग बोलते मी.

डॉक्टर : गुरम्मा, तुम्ही नागप्पांच्या थोरल्या बहीण, आणि शिवकांता त्यांच्या पत्नी. मला दोघींकडून कळायला हवं. बसा.

गुरम्मा : मग ऐका, डॉक्टरीणबाई. माझ्या भावाला हिनं काहीतरी घातलंय. दुकानाच्या पायऱ्या उतरताना दारुड्यावानी झोकांड्या खायला लागला. हात लटलट, जीभ जड. सगळ्या उदगीरानं बघितलं! लिंगायताचं घर आमचं, थेंबाला शिवत न्हाई कुणी.

शिवकांता : अक्का, महादेवाची आण, मी काही...

गुरम्मा : देवाचं नाव घेऊ नको तू! हे बघा बाई, मिरच्यांच्या मडक्यात सापडलं. गपचूप गोळ्या देते.

डॉक्टर : बघू. ही तर लिथियमची गोळी. कधीपासून चालू आहे?

शिवकांता : आमची धाकटी रांगत होती तवापासून. सोलापूरच्या डॉक्टरनं दिली.

गुरम्मा : झाली का न्हाई कबूल? लातूर जिल्हा झाल्यापासून हिचा भाऊ मागं लागलाय, उदगीरचं दुकान मोडा नि लातुरात या. ह्यानं न्हाई म्हटलं, की हा पडला खाटेवर! मी ठरवलंय बाई. आज हिला नांदेडच्या गाडीत बसवणार. लोह्याला उतरंल, माहेरी जाईल. लेकरं माझ्यापाशी राहतील.

शिवकांता : लेकरं मी देणार न्हाई!

डॉक्टर : हळू. शिवकांता, गोळी कशासाठी होती, सांगा.

शिवकांता : अक्का, ह्यांनी चौकात बसून दुकानातली लुगडी फुकट वाटली, ते साल आठवतं?

गुरम्मा : ते स्वामींच्या ताइतानं बरं झालं.

शिवकांता : ताईतबी होता, गोळीबी होती. "अक्काला कळलं तर ती मला येडा म्हणंल," असं म्हणून शपथ घातली मला. आज मोडली. काय करू?

गुरम्मा : नाटकं हायत सगळी.

डॉक्टर : नाटक नाही. मन असं उधळतं, त्या आजारावरचीच गोळी आहे ही. पण ती अंगात साठली की विषासारखीच वागते. रक्त तपासायला सोलापूरला पाठवलंय, पण त्याची वाट न बघता मी गोळी थांबवली आहे.

गुरम्मा : साठली म्हंजे हिनंच जास्त दिली!

डॉक्टर : तेवढीच देऊनही साठते. ती लघवीवाटे बाहेर जाते. किडनीनं ती टाकली नाही, तर अंगातच राहते. घरात जेवण कोण करतं?

गुरम्मा : मी. हिच्या हातचा चहाबी त्याला घेऊ देत न्हाई.

डॉक्टर : का?

गुरम्मा : महिन्यामागं पाऊस दडी मारून बसला, तवा मी महादेवाला नवस बोलले. पाऊस पडंपर्यंत माझा भाऊ अळणी जेवंल. हिनं पहिल्याच दिवशी त्याच्या वरणात चोरून मीठ घातलं. तवाच ओळखली हिची नियत. तवापासून चूल माझ्या ताब्यात.

शिवकांता : मीठ तोडायचं न्हाई, असं सोलापूरच्या डॉक्टरनं बजावलं होतं! का, ते मला ठावं न्हाई. शपथेपायी तोंड उघडता येईना, म्हणून चोरून घातलं. तर तुम्ही मला विष घालणारी केली, अक्का!

डॉक्टर : थांबा, थांबा. म्हणजे महिनाभर ते अळणीच जेवतायत?

गुरम्मा : हाव. कडक पाळलंय.

डॉक्टर : आणि पाणी?

गुरम्मा : टँकर दोन दिवसांआड येतो. लेकरांना पुरावं म्हणून तो घोटघोटच पितो.

डॉक्टर : दुसरं काही औषध?

गुरम्मा : न्हाई. घागरी वाहून पाठ धरली त्याची, म्हणून माझी गुडघ्याची गोळी दिली. सकाळ-संध्याकाळ. मला तर लई गुण येतो तिचा.

डॉक्टर : गुरम्मा, आता नीट ऐका. अंगात मीठ कमी पडलं की किडनी असेल तेवढं धरून ठेवते, आणि मिठाबरोबर ही गोळीही धरून ठेवते. त्यात पाणी कमी. वर गुडघ्याच्या गोळीनं किडनीला जाणारं रक्त घटलं. साठायला एवढं पुरे झालं.

गुरम्मा : म्हंजे हिनं न्हाई.

डॉक्टर : नाही.

गुरम्मा : भाकरी माझी. नवस माझा. गोळीबी माझीच. अगं माय गं... माझ्या हातानं घातलं मी त्याला?

डॉक्टर : तुम्हाला माहीत नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं.

गुरम्मा : नि ह्या नळीतून काय चाललंय?

डॉक्टर : मिठाचं पाणी.

गुरम्मा : मग नवस मोडला.

डॉक्टर : मी मोडला. माझ्या नावावर घाला.

गुरम्मा : वाचंल का हो?

डॉक्टर : लघवी व्हायला लागलीय, हे चांगलं आहे. पण आजची रात्र जाऊ द्या. आत्ता शब्द देत नाही.

गुरम्मा : शिवकांता.

शिवकांता : काय?

गुरम्मा : नांदेडची गाडी गेली का गं?

शिवकांता : गेली असंल.

गुरम्मा : जाऊ दे. शुद्धीवर आला की पेज लागंल त्याला. तू कर. मीठबी तूच घाल.