रोज पाच वाजता नेट जातं

अहो, अहो, त्या नेटच्या खोक्याला हात नका लावू! आधी बसा. बसा हो, पंखा लावते. हे बघा, मला सगळं माहितीय. काल भाचेसून भाच्याला म्हणत होती, "उद्या नेटवाला माणूस येतोय, आत्यांच्या खोलीतल्या खोक्याचं कायमचं काय ते करून टाकू." कायमचं म्हणजे काय, हे कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही — उचलायचं आणि हॉलमध्ये टीव्हीशेजारी लावायचं. नाही, दारामागे उभी नव्हते! दाराजवळून जात होते. जरा सावकाश जात होते, गुडघे दुखतात माझे. तुला तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या भाच्याच्याच वयाचा दिसतोस.

हे खोकं माझ्या खोलीत का, तर नेटची तार टेलिफोनच्या जागी आली, आणि घरात पहिला टेलिफोन आला तो या खोलीत — कारण मी टेलिफोन ऑपरेटर. एकतीस वर्षं! कानाला हेडफोन, समोर बोर्ड, ह्याची वायर त्याच्यात खुपसायची, त्याची ह्याच्यात. ऐकायचो का? छे, छे, परवानगीच नव्हती. म्हणजे लाईन लागली की नाही एवढं बघायला जरा वेळ कान द्यावा लागायचा. एका डॉक्टरांचं लग्न मोडणार हे त्यांच्या बायकोच्या आधी मला कळलं होतं. जाऊ दे. मुद्दा काय, तेव्हा सगळ्यांच्या तारा माझ्या हातात होत्या. लग्न केलेलं नव्हतं, म्हणून पहिल्यापासून इथेच भावाकडे राहिले, निवृत्तही इथूनच झाले. भाऊ गेला, आणि आता घर भाच्याचं, माझी ही मागची खोली. वाईट नाहीये खोली. ऊन येतं. माणूस येत नाही एवढंच. सकाळी दारातून "आत्या, बरी आहेस ना?" — आणि मी "हो" म्हणेपर्यंत जिन्यावर बूट वाजतात.

तर वर्षापूर्वी पेपरात ते सदर सुरू झालं, दर शनिवारी, इंटरनेटवर सावध कसं राहावं म्हणून. फोनवर आलेला नंबर कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, बक्षीस लागलं म्हटलं की फोन ठेवा — मी सगळं कापून डब्यात ठेवलंय. त्यात एकदा आलं की घरातल्या वायफायचा पासवर्ड वरचेवर बदलावा, बारा अक्षरांचा ठेवावा, एक अक्षर मोठं, एक आकडा, एक चिन्ह. लिहून ठेवू नये, मेसेजवर पाठवू नये. मी म्हटलं, वा! भाचा म्हणाला, "आत्या, एवढं करायला वेळ कुणाला आहे?" मी म्हटलं, मला आहे. भाच्याच्या मुलीने, माझ्या नातीने, फोनवर बदलायचं कसं ते शिकवलं, हसत हसत, आणि तिलाच पहिल्यांदा अद्दल घडली. दर रविवारी नवा पासवर्ड! मेसेज नाही, चिठ्ठी नाही. ज्याला हवा त्याने खोलीत यायचं, बसायचं, आणि मी सांगेन तसा टाकायचा. सुरक्षा म्हणजे सुरक्षा.

हसतोस काय? भाचा आधी उंबऱ्यातच उभा राहायचा, घड्याळ बघत. मग मी अक्षरं विसरायला लागले. "थांब हं, एस होता की झेड..." — खाली बसला झक मारत! दुसऱ्या महिन्यात चहा घेऊन यायला लागला. साहेब त्याला कसा छळतो ते मला ठाऊक आहे, बायकोला अजून नाही.

आणि सुनेचं सांगते. तिचं माझं दोन महिने बोलणं बंद होतं. चूक... बरं, माझी. तिचा तिच्या आईशी फोन चालला होता आणि माझ्या कानावर आलं — आलं म्हणजे मी घेतलं, आता तुझ्यापाशी काय लपवायचं — आणि ते मी भर जेवणात सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. ती रडली नाही, ताटावरून उठली. मला माफी मागता येत नाही रे. जन्मात कधी मागितली नाही, तोंडातून शब्दच फुटत नाही. तोवर तिचा फोन भाचाच घेऊन यायचा. मग एका रविवारी ती स्वतः आली, उभ्यानेच, "काय आहे या आठवड्याचा?" मी म्हटलं, घे. एम मोठा. आय. सी. एच. परत सी, एच. यू. के. एल. ई. पुढे एक हा आकडा, आणि उद्गारचिन्ह. अक्षरं मोजलीस? बारा! मीच चुकले. टाकता टाकता मध्येच थांबली ती. मग म्हणाली, "उद्गारचिन्ह कशाला?" मी म्हटलं, पेपरात लिहिलंय, चिन्ह लागतंच. अशी हसली म्हणून सांगू — आणि बसली की पलंगावर, अर्धा तास!

आता ती पाच वाजताची भानगड. तुला वायरीत काही सापडणार नाही, उगाच त्या बॅगेतलं सामान काढू नकोस. मीच उपटते प्लग. रोज, पाचला. नात क्लासवरून येते, तडक तिच्या खोलीत जाते आणि कडी लावते. नेट गेलं की मात्र इथे येते, "आत्याआजी, परत गेलं!" मी प्लग लावते, आणि सांगते, हिरवा दिवा लागायला पंधरा मिनिटं जातात, बस तोवर. लागतो दोन मिनिटांतच, माहितीय मला, म्हणून वर रुमाल टाकते. त्या पंधरा मिनिटांत ती मैत्रिणींची भांडणं सांगते, गणितात काठावर पास झाली ते सांगते, परवा माझ्या पायाला तेल लावून दिलं. हे खोकं हॉलमध्ये गेलं ना, तर या खोलीत कोण येईल, तूच सांग. जेवायला हाक येईल. बस्स.

म्हणून तुला एवढंच करायचंय — लिहून दे की खोकं इथून हलवता येत नाही. भिंत ओली आहे म्हण, किरणं पोचत नाहीत म्हण, तुला कोण विचारणारे? खोटं नाही रे, सुरक्षेसाठी आहे. काय? मान काय हलवतोस? कुठे हलवायचंच नाही? मग आलास कशाला? दाखव, दाखव तो फोन इकडे, काय लिहिलंय तुझ्या तक्रारीत. थांब, चष्मा... हे तर सुनेने लिहिलंय. "राऊटर आहे तिथेच ठेवावा. आमच्या आत्या रोज पाच वाजता... वाकून प्लग उपटतात. तो सैल झालाय, ठिणग्या उडतात, त्यांना शॉक बसेल अशी भीती वाटते. पलंगावर बसून हात पोचेल असं... असं बटण बसवून द्यावं. त्यांना आम्ही कळवलं असं सांगू नये."

कधीपासून माहितीय गं बाई हिला. म्हणजे नातीलाही. आणि रोज येते, आणि रुमालाकडे बघत पंधरा मिनिटं बसते.

काही नाही, डोळ्यात कचरा गेलाय. पंख्याने. तू तुझं काम कर. इथे बसव, उशाच्या बाजूला — थोडं खाली, हां, तिथे. चालू झालं? बंद होतं ना नीट? बघू... होतं. आता उचल ती बॅग आणि नीघ. चहा पुढच्या वेळी. जा म्हणते ना, पाच वाजले, नात जिना चढतेय.