घोरण्याचा आयाम

कानाच्या डॉक्टरांकडे माझ्या समोरच्या बाकावर एक वयस्कर जोडपं बसलं होतं. बाईंनी आजपासून मागच्या खोलीत झोपायचं पक्कं केलं होतं, आणि तसं सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल इतक्या जोरात सांगूनही झालं होतं.

“अगं, आयाम म्हणजे लाट मधल्या रेषेपासून किती वर चढते ते. घोरण्याचीही लाटच असते.”

“तुमची छताला लागते.”

“म्हणून तूही तेवढंच घोरायचंस. माझी लाट वर, तेव्हा तुझी खाली. आयाम सारखे असले की आवाज शून्य!”

“मी घोरत नाही.”

“तीच तर अडचण आहे. संसाराला काडीचा हातभार नाही तुझा.”

“अहो, झोप लागली तर घोरेन ना!”

“बरं, मग आधी तू झोप. मी जागा राहतो.”

“जागे राहिलात तर तुम्ही घोरणार नाही. मग माझी लाट कोण खोडणार?”

“खोडायची कशाला? मी ऐकत पडेन.”

“मागच्या खोलीतून ऐकू येईल?”

“छे! एवढा आयाम कुठला तुझ्यात?”

बाई जरा वेळ पदराशी चाळा करत राहिल्या.

“बरं, नाही जात मागच्या खोलीत. पण आज पहिली मी झोपणार.”