रिमाची आंबट आमटी

तुम्हाला रिमाचं सांगितलंच न्हाई व्हय? लॉकडाऊनात मी कुरकुंभजवळच्या एका कॉलेजच्या मेसमदी आचारी होतो. लांबची वीस पोरं हॉस्टेलातच अडकली होती. त्यातल्या आसामच्या रिमाला करोना झाला आन् तिच्या तोंडाची चवच गेली. ताट जसंच्या तसं परत यायचं.

शेवटी मी तिच्या आईला फोन लावला. ती हिंदीतनं सांगत गेली, मी भीमेतले मासे घालून त्यांच्या घरची आंबट आमटी करत गेलो.

ताट दारात ठेवून लांब उभा राहिलो. रिमानं एक घास घेतला, डोळे मिटले आन् कितीतरी वेळ तशीच बसली.

"चव लागली का गं?"

"नाही मामा," ती मोडक्या मराठीत म्हणाली, "पण मी घरी जाऊन आली."